दार कोणत्या बाजूला आहे?
सामुदायिक संगणक केंद्रांकडे ग्रामीण स्त्रिया फिरकत नाहीत त्याचे मुख्य कारण निरक्षरता आहे, हे मत मला अर्धेच पटते. केंद्र कोणाच्या जागेत आहे आणि ते कोण चालवते, याला अधिक महत्त्व द्यावे लागेल. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये पुदुच्चेरी परिसरातील खेड्यांत माहिती केंद्रे सुरू केली. त्यांपैकी एंबलमचे केंद्र देवळाच्या वास्तूत होते. देवळात दलितांना आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांना मज्जाव असला, तरी केंद्राचे दार वेगळे होते आणि त्यातून कोणीही आत येऊ शकत असे. वीरमपट्टिनम या मच्छीमार गावात लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला जाई, म्हणजे तेवढ्यापुरता निरक्षरतेचा प्रश्नच उरत नव्हता. याउलट, जिथे दिवसभर तरुण पोरांनी ठाण मांडलेले असते आणि संगणकाचा पडदा येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसतो, तिथे एखादी स्त्री स्वतःच्या दुखण्याची माहिती शोधायला बसेल, ही अपेक्षाच अवाजवी आहे. महिलांसाठी राखीव तास ठेवले जातात खरे, पण ते पाण्याच्या किंवा शेतकामाच्या वेळेवर आले, तर केवळ फलकावरच राहतात.