मदत हवी आहे: खुडूक कोंबडीखाली मशीनची पिल्लं सोडायची आहेत

नमस्कार मंडळी. आमची एक गावरान कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला बसून, दोनेक आठवडे झाले. खाली अंडी आहेत, पण बॅटरी लावून पाहिली तर सगळी रिकामी. तरी बाई काही उठत नाही. हात नेला की पिसं फुलवून खुर्र करते, चोच मारते. पोटाखाली मात्र मस्त ऊब.

येत्या आठवड्यात हॅचरीतून एक दिवसाची कडकनाथची पिल्लं येणार आहेत. ब्रूडरला (पिल्लांना विजेवर ऊब देणाऱ्या पेटीला) पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून ती हिच्याच खाली द्यायचा विचार आहे.

पिल्लं अंधार पडल्यावर, अंडी काढत काढत एकेक सरकवायची, एवढं ठाऊक आहे. पण कोंबडी तांबूस आणि पिल्लं काळी, तर सकाळी टोचून मारणार नाही ना? गावरान अंगाने लहान, तिला किती पिल्लं झेपतील? माझ्या मते दहा-बारा, घरचे म्हणतात वीस.

दुसरं म्हणजे लसोटा (राणीखेत रोगाची लस) पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात टाकायची. तेव्हा पिल्लं हातात घेतली तर आई परत जवळ करते ना? की तेही रात्रीच उरकायचं? आणि पिल्लं सोडण्याआधी तिच्या उवांचं काय करता? इथे सगळे चुलीची राख चोळा म्हणतात.

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. पहिली रात्र डालग्याखाली झाकून ठेवू की खुराड्यातच राहू देऊ?