फ्रेंच हॉर्न ऑनलाइन शिकवावा का? पहिले तीन महिने तरी नको

पितळी (धागाकर्ता)

फ्रेंच हॉर्नच्या ऑनलाइन शिकवण्या आता सर्रास चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याचं त्यांवर भागतं, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप पहिल्या तीन महिन्यांपुरता आहे. त्या काळात शिक्षक आणि विद्यार्थी एका खोलीत बसणार नसतील, तर शिकवणी सुरूच करू नये.

मुख्य कारण उजवा हात. हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबतात आणि उजवा हात मागे बेलच्या, म्हणजे नळीच्या पसरट तोंडाच्या आत असतो. बोटं जुळलेली, त्यांची पाठ बेलच्या शरीरापासून लांबच्या भिंतीला टेकलेली, अंगठा बोटांना चिकटलेला, तळहात ओंजळीसारखा किंचित खोलगट. मूल दमलं की मनगट वळतं आणि तळहात नळीचं तोंड झाकू लागतो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो, स्वर उतरतो. ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) ते दिसतं, म्हणून मूल मुख्य स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, आत ढकलतं. काटा मध्यावर येतो, सगळे खूश, आणि चूक तशीच मुरते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त चेहरा दिसतो.

दुसरं कारण सुरुवातीचा क्षण. हॉर्नच्या एफ बाजूची (डबल हॉर्नला एफ आणि बी फ्लॅट अशा दोन बाजू असतात, अंगठ्याच्या कळीने बदलायच्या) नळी साधारण ३.७ मीटर लांब असते आणि वादनाचा बराच भाग आठव्या ते सोळाव्या स्वयंभू स्वरांत (एकाच नळीतून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या स्वरांत) होतो. तिथे शेजारचे स्वर एकमेकांपासून जेमतेम एक-अर्ध्या स्वरावर. कळ तीच, ओठांचा ताण जरा इकडे-तिकडे झाला की शेजारचा स्वर लागतो किंवा सूर फाटतो. हे का झालं ते कळायला स्वराचा पहिला क्षण ऐकू यावा लागतो, आणि कॉलवर नेमका तोच गिळला जातो.

डावी_कळ

असहमत. सांगितलेले दोष खरे आहेत, पण त्यांचं मूळ माइक-कॅमेऱ्याच्या मांडणीत आहे.

पहिला क्षण गिळला जातो तो नॉइज सप्रेशनमुळे, म्हणजे कॉलमधला गोंगाट दाबणाऱ्या यंत्रणेमुळे. ही यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. लांब धरलेला स्वर तिला पंख्याची घरघर वाटते, ती तो दाबते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे, तो विद्यार्थ्याच्या बाजूला चालू हवा. शिक्षकाने आपल्याकडे चालू करून भागत नाही, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारा पर्याय बंद करा, नाहीतर मंद आणि जोरकस दोन्ही एकाच पातळीवर ऐकू येतात. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी पुसणारा पर्याय) बंद करायचं तर दोन्हीकडे हेडफोन हवेत. वायफायऐवजी केबल.

माइक कुठे ठेवायचा? हॉर्नची बेल मागे तोंड करून असते, म्हणजे समोरच्या लॅपटॉपला भिंतीवरून परतलेला आवाज मिळतो. विद्यार्थ्याला मागच्या भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे बसवा. माइक उजव्या बाजूला, दीड मीटरवर, बेलच्या अगदी तोंडासमोर नको. सर्वात जोरकस स्वराला पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी जुळवा.

हात दिसत नाही म्हणता, तर मागून दुसरा फोन त्याच कॉलमध्ये जोडा. फक्त त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर शिट्टी घुमते.

पितळी

माइकचं मान्य. पण हे सगळं करणार कोण? दहा वर्षांच्या मुलाचे आई-वडील दर शनिवारी दोन कॅमेरे, हेडफोन आणि केबल लावणार?

न्यूजर्सीकर

दोघंही एकाच विद्यार्थ्याबद्दल बोलत आहात का? इथे अमेरिकेत शाळेच्या बँडमध्ये हॉर्न घेतलेल्या मुलाला बँडचे शिक्षक वारंवार डोळ्यासमोर पाहतात. अडचण इतकीच की ते अनेकदा क्लॅरिनेट किंवा ट्रंपेटवाले असतात. वर्गाची सोय म्हणून सगळे बी फ्लॅट ते एफ हे पाच स्वर आधी शिकतात. हॉर्नच्या लिपीत (तिच्यात स्वर ऐकू येतो त्यापेक्षा वरचा लिहितात) ते दुसऱ्या रेषेखालच्या एफपासून तिसऱ्या घरातल्या सीपर्यंत येतात. नवख्या ओठांना ते उंच. ऑनलाइन शिक्षक पहिल्याच तासाला मुलाला मधल्या सीपासून जीपर्यंत उतरवतो, तेवढ्यानेही बरंच वाचतं. इथे ऑनलाइन शिकवणी जोडीला असते. साताऱ्यात किंवा नांदेडमध्ये ती एकटीच असेल, तर पितळी यांची भीती जास्त खरी.

डावी_कळ

आणि साताऱ्याला पर्याय कोणता? सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात उभा राहिला, पण त्यातले बरेच वादक हंगामापुरते परदेशातून येतात. मुंबई सोडली की हॉर्नचा शिक्षक शोधणं म्हणजे दिवसा कंदील घेऊन फिरणं. ‘खोलीत शिक्षक नसेल तर सुरूच करू नका’ याचा अर्थ तिथे ‘हॉर्न वाजवूच नका’ असा होतो.

ओठकरी

ओठांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. माऊथपीस वरच्या ओठावर दोन तृतीयांश आणि खालच्यावर एक तृतीयांश, हे समोरून कॅमेऱ्यात दिसतं. हनुवटी गोळा होते का, गालात हवा भरते का, हे बाजूने दिसतं. कपाच्या आत ओठ काय करतात, ते मात्र शेजारी बसलेल्या शिक्षकालाही दिसत नाही. तोही कानानेच ओळखतो.

दांडीला माऊथपीसची नुसती रिम (कड) बसवलेलं साधन मिळतं. त्यावर ओठ थरथरवायचे आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने टिपायचं. फट मध्यावर आहे की एका कोपऱ्यात, हवा थांबल्यावर ओठ मिटतात की ताणलेलेच राहतात, हे सावकाश बघता येतं. एवढं खोलीत बसून नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही.

म्हणून मला थेट कॉलपेक्षा रेकॉर्डिंग पाठवून शिकणं जास्त भरवशाचं वाटतं. दिवसाआड दोन मिनिटांची फाइल, तीही आकार कमी न केलेली, डब्ल्यूएव्ही प्रकारची. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज चालणार नाही. शिक्षकाने त्यावर नेमक्या सेकंदाला बोट ठेवून उत्तर द्यायचं. आठवड्यातला एक तास कॉल त्यानंतर.

पांढरी_चार

ओठकरी यांच्याशी सहमत, फक्त ट्यूनर अॅप पहिल्या वर्षी घरात येऊ देऊ नका. तानपुरा लावा. हॉर्नच्या लिपीतला सी म्हणजे ऐकू येणारा एफ, आपली पेटीवरची पांढरी चार. तानपुरा पांढरी चारवर लावून विद्यार्थ्याने हेडफोनमध्ये ऐकत लांब स्वर धरायचे.

कळ न दाबता एफ बाजूवर वाजवलेला मधला ई हा पाचवा स्वयंभू स्वर आहे. ट्यूनर तो १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरलेला दाखवतो आणि मूल ओठ आवळून चढवायला जातं, तिथून गळा आणि ओठ दोन्ही घट्ट होतात. तानपुऱ्यात घुमणारा गांधार हाच पाचवा स्वर. त्याच्याशी मिळवला की ओठ आपोआप सैल राहतात. ऑर्केस्ट्रात पियानोबरोबर वाजवताना काय करायचं ते पुढचं पुढे.

शिवाय तानपुरा विद्यार्थ्याच्या खोलीत वाजत असल्यामुळे नेटवर्कच्या उशिराचा त्याला त्रास नाही.

न्यूजर्सीकर

उशिराचं गणित इथेच मांडतो, कारण ‘चांगलं इंटरनेट घेतलं की एकत्र वाजवता येईल’ असं बरेच जण मानतात. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तारेतून सिग्नल सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. एका बाजूचे ६२ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १२५. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा बरोबर पाव ठोका झाला, आणि तार सरळ नसते, वर कॉलचं सॉफ्टवेअर आणखी भर घालतं. कितीही पैसे मोजले तरी हे कमी होणार नाही. युगलवादन हवं तर शिक्षकाने दुसरा भाग आधी रेकॉर्ड करून पाठवावा, विद्यार्थ्याने तो आपल्याकडे लावावा आणि शिक्षकाने गप्प ऐकावं.

पितळी

तानपुऱ्याचं पटलं, आणि रेकॉर्डिंगचंही. हाताबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. ‘सुरुवातीला दोन दिवस समोर बसवून हात दाखवा, मग ऑनलाइन’ असं सुचवलं जातं. पण हात पहिल्या दिवशी कुणाचाच बिघडत नाही. तो पाचव्या-सहाव्या आठवड्यात बिघडतो, जेव्हा रोजची अर्धा तास बैठक सुरू होते.

वजनही लक्षात घ्या. डबल हॉर्न अडीच किलोच्या आसपास असतो. लहान मूल तो उजव्या मांडीवर टेकवतं, मग माऊथपीस तोंडाच्या खाली येतो आणि मूल मान वाकवून त्याच्याकडे जातं. उपाय सोपा आहे. मांडी आणि बेलची कड यांच्यामध्ये टॉवेलची घडी, माऊथपीस तोंडापाशी येईल एवढी जाड. पण छातीपासून वर दिसणाऱ्या कॅमेऱ्यात मांडीच नसते, तर घडी सुचणार कशी?

डावी_कळ

कॅमेरा दोन मीटर मागे नेऊन.

आणि पाचव्या आठवड्याच्या हातासाठी कॅमेराही लागत नाही. मधला सी लांब धरायला सांगा आणि वाजवता वाजवता हात सावकाश पूर्ण बाहेर काढायला सांगा. स्वर चढणारच. हाताने जेवढं तोंड झाकलेलं असेल तेवढी उडी मोठी. दर आठवड्याला तासाच्या शेवटी, मूल दमलेलं असताना, हीच चाचणी घ्यायची आणि उडी मागच्या आठवड्यापेक्षा वाढली का ते ऐकायचं. त्याआधी तिसऱ्या घरातला सी अंगठ्याची कळ दाबून आणि न दाबता वाजवून घ्या. डबल हॉर्नवर तो दोन्ही बाजूंना मोकळा, म्हणजे बोटांची कळ न दाबता, लागतो. दोन्हींत फरक आला तर आधी स्लाइड, मग हात.

पितळी

ही चाचणी चांगली आहे. ती घेणारे शिक्षक किती, हा प्रश्न उरतोच.

ओठकरी

तो प्रश्न खोलीत शिकवणाऱ्यांनाही लागू आहे, पितळी.

नवा_सदस्य_सांगली

वरचं निम्मं डोक्यावरून गेलं, तरी विचारतो. घरी लग्नाच्या बँडमधला ई फ्लॅट हॉर्न पडून आहे. सुरुवात त्यावर केली तर चालेल का? फ्रेंच हॉर्न नंतर घेऊ.

डावी_कळ

नका करू. त्यात पिस्टनच्या कळा उजव्या हाताने दाबतात, म्हणजे इथला अर्धा वाद तसाच मिटेल, पण शिकण्यासारखं थोडंच उरेल. माऊथपीसही वेगळा, त्याची कड रुंद आणि कप मोठा. ओठांना एकदा त्याची सवय लागली की हॉर्नच्या अरुंद कडेवर पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. जुना सिंगल एफ हॉर्न भाड्याने मिळतो का बघा. घेताना प्रत्येक स्लाइड ओढून पाहा, पण त्या त्या व्हॉल्व्हची (नळीचा मार्ग बदलणाऱ्या झडपेची) कळ दाबून धरूनच, नाहीतर आत निर्वात पोकळी होऊन स्लाइड अडकते. रोटरच्या (कळ दाबल्यावर फिरणाऱ्या झडपांच्या) दोऱ्या पिवळ्या पडून विसविशीत झाल्या असतील तर आधी त्या बदला.