मदत हवी आहे : आंबोलीतील उभयचर सर्वेक्षणासाठी विद्यार्थ्यांना नेताना घ्यायची काळजी

नमस्कार. येत्या पावसाळ्यात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उभयचरांच्या नोंदी करण्यासाठी आंबोलीला नेण्याचा विचार आहे. २००९ साली नवी जात म्हणून वर्णन झालेला आणि अतिसंकटग्रस्त ठरलेला आंबोली टोड (बेडकासारखा एक उभयचर) तेथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवर, पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्या मुलांचा एक बेसावध पायही संपूर्ण वीण चिरडू शकतो. संवर्धनाच्या नावाने निघालेल्या मोहिमेनेच असे नुकसान करावे, हे मला मुळीच मान्य नाही.

तेथे पावसाळी सर्वेक्षण केलेल्यांनी कृपया सांगावे, की एका जाणकार मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी असावेत, सड्यावर न उतरता केवळ आवाजांवरून केलेल्या नोंदी अभ्यासाला पुरेशा उपयोगी पडतात का, आणि उभयचरांना घातक ठरणाऱ्या कायट्रिड बुरशीचा संसर्ग एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाऊ नये म्हणून आपण बूट कशाने निर्जंतुक करता. प्राण्यांना हात लावायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवले आहे.

वन विभागाकडे परवानगीचा अर्ज किती आधी करावा आणि जमलेल्या नोंदी कोणाकडे सोपवाव्यात, हेही कळल्यास फार उपकार होतील.