ताई ची, विंग चुन की आणखी काही? सल्ला हवा आहे

पूर्वा_सिंगापूर: वय ४६, दिवसभर खुर्चीत. जिना चढताना डावा गुडघा कुरकुरतो आणि घरी आले तरी डोकं ऑफिसातच असतं. मारामारी शिकायची नाही, पण नुसता व्यायामही नको, त्यामागे काही विचार असलेलं हवं. इथे चिनी मार्शल आर्ट्सचे वर्ग पुष्कळ आहेत, संथ हालचालींची ताई ची, जवळून हातघाईचं विंग चुन वगैरे. त्यातलं काय धरावं? बजेट महिना ८० डॉलर, वेळ फक्त संध्याकाळी सातनंतर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डोंबिवलीकर: पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार घाला. शून्य डॉलर. आमचे वडील पंच्याहत्तरीपर्यंत घालत होते. चिन्यांचं कशाला?

शांघायची_चिमणी: काका, तिने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! पूर्वा, वर्ग लावूच नकोस. आम्ही शांघायला होतो तेव्हा मी सकाळी फूशिंग पार्कात जायचे. आजी-आजोबांच्या मागे उभं राहायचं, बस. बरेच जण ताई चीचा २४ हालचालींचा संच करतात. तो १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने यांग शैलीतून सर्वसामान्यांसाठी बेतला. एक आजी दरवेळी येऊन माझं कोपर दोन बोटांनी खाली दाबायच्या. बोलायच्या काही नाहीत. कोपर उतरलं की खांदाही उतरतो, हे त्यांच्यामुळे कळलं. सकाळीच जा.

पूर्वा_सिंगापूर: सकाळी जमत नाही हो, वर लिहिलंय.

ड्रॅगन_नाशिककर: शिकायचंच तर मुळातून शिका. मी हनान प्रांतातल्या चेनज्यागौला जाऊन आलो. ताई चीच्या चेन शैलीवाल्या घराण्याचं गाव. यांग शैलीचा जनक यांग लूचान तिथेच शिकला आणि पुढे बीजिंगला जाऊन नाव काढलं. राहणं-खाणं-शिकवणी मिळून दीड लाखाच्या वर गेले, विमान वेगळं. रेशमी पोशाखाचे दोन जोड आणि लोंगछुआनची तलवारही घेतली. फोटो टाकू का?

गुडघेग्रस्त: फोटो नको. पूर्वाताई, चेन शैली सुरुवातीलाच धरू नका. आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात खोल बैठक घ्यायला लावली, वर म्हणाले दुखणारच. आता जिना उतरताना कठडा धरतो. पाऊल ज्या दिशेला त्याच दिशेला गुडघा ठेवा, बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि वळायचं ते कमरेतून. वजन असलेल्या पायावर गुडघा पिळला की संपलं. यांग शैली उंच उभं राहूनही करता येते. पहिल्याच दिवशी गुडघ्याचं सांगा, 'सहन करा' म्हणाले तर फी भरू नका.

शंकासुर: हे सगळं मुळात आपलंच आहे. बोधिधर्म या भिक्षूने इथून चीनमधल्या शाओलिन मठात नेलं.

पोथीनिष्ठ: अवांतर आहे, पण राहवत नाही. शाओलिन मठ ४९५ सालचा, बातुओ या भारतीय भिक्षूसाठी बांधलेला. बोधिधर्म तिथे आला तो नंतर. त्याने व्यायाम शिकवल्याची गोष्ट ज्या ग्रंथावर उभी आहे, तो सतराव्या शतकातला. मधली हजार वर्षं सगळे गप्प बसले होते का?

शंकासुर: नोंदी जाळल्या असतील.

केजफाइट_फॅन: २०१७ साली शू श्याओदोंग या एमएमए फायटरने चीनमधल्या चेंगदूत एका ताई चीवाल्याला अर्ध्या मिनिटात आडवं केलं. व्हिडिओ बघा. नाच आहे हो तो.

तालीमवाला: त्यांना मारामारी नकोय, धाग्यातच लिहिलंय. मी कोल्हापूरच्या लाल मातीत वाढलेला. नंतर बंगलोरला ताई चीतला तुइशौ हा जोडीचा सराव केला. मनगटाला मनगट लावून उभं राहायचं आणि समोरच्याचा तोल शोधायचा. मी जोर लावला की समोरचा पन्नाशीचा बारका गडी नुसता बाजूला व्हायचा आणि मी माझ्याच जोराने पुढे. मागचा विचार म्हणतात तो हाच, तो पुस्तकात शोधू नका. एका पायावर सगळं वजन, दुसरा रिकामा. रिकामा आहे म्हणूनच तो हलतो. साहेबांच्या खवचट मेलला लगेच उत्तर द्यायचं नाही, हे मी तिथे शिकलो.

फिजिओ_मीनाक्षी: तालीमवाल्यांना अनुमोदन. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला होता. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. तेव्हा महिन्याभरात चमत्कार मागू नका. आणि गुडघा आधी डॉक्टरांना दाखवा, धाग्याला नव्हे.

डोंबिवलीकर: सूर्यनमस्कारानेही तोल सुधारतो.

शांघायची_चिमणी: सकाळचं पार्क. पुन्हा सांगतेय.

पूर्वा_सिंगापूर: सगळ्यांचे आभार. ताई चीचा एक वर्ग करून पाहिला. छान होता, पण तासभर मी मनातल्या मनात उद्याचं प्रेझेंटेशन करत होते. मग वरच्या मजल्यावर विंग चुन चालतं तिथे डोकावले. ची साउ नावाचा प्रकार आहे, दोघींचे हात एकमेकींना चिकटून फिरत राहतात. जरा लक्ष ढळलं की समोरच्या मुलीचा तळवा थेट छातीवर. ऑफिस आठवायला सवडच नाही! तेच लावलं. महिना ११० डॉलर. गुडघ्याचं सांगितलंय, सिफू (म्हणजे गुरुजी) म्हणाले उंच उभ्या राहा.

गुडघेग्रस्त: अहो ताई, विंग चुनच्या मूळ पवित्र्यात पावलं आणि गुडघे आत वळवतात! निदान मांडीच्या सांध्यातून तरी वळवा.

ड्रॅगन_नाशिककर: विंग चुनचे प्रसिद्ध गुरू इप मान यांची शाखा असेल तर एकदा चीनमधल्या फोशानला जाऊन या, ते तिथलेच. आणि ती तलवार घरात पडून आहे, बायको रोज बोलते. कोणाला हवी असल्यास व्यनि करा. म्यानासकट.