हँडहेल्ड गेमिंग पीसी : बॅटरी टिकत नाही, स्लीपमध्ये तापतो, गेम अडखळतो – मदत हवी आहे

धूमकेतू

नमस्कार मंडळी. विंडोज ११ असलेला हँडहेल्ड आहे. सात इंची १०८०पी स्क्रीन, १२० हर्ट्झ, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४० वॅट-अवर बॅटरी. अडचणी अशा:

१. टर्बोवर (२५ वॅट) मोठा गेम लावला की सव्वा तासात बॅटरी संपते. सायलेंटवर (१० वॅट) जास्त टिकते, पण गेम धड चालत नाही.
२. स्लीप करून बॅगेत ठेवला, तर काही तासांनी गरम लागतो आणि चार्ज निम्म्यावर आलेला असतो.
३. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ५०-६० दिसत असूनही मध्येच झटके बसतात. नव्या भागात शिरताना जास्त.
४. ६५ वॅटची पॉवर बँक लावली तरी ‘स्लो चार्जर’ अशी सूचना येते.

बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर अद्ययावत आहेत. फॅक्टरी रिसेट करावा का? की विंडोजऐवजी सरळ स्टीमओएस (स्टीमवाल्यांची लिनक्सवर आधारलेली ओएस) टाकला तर हे सगळे सुटेल?

खटपट्या

रिसेट अजिबात नको. यातली एकही गोष्ट त्याने जाणार नाही, उलट सगळे गेम पुन्हा उतरवावे लागतील.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या भागाकारात आहे. टीडीपीचा, म्हणजे मोडसमोरच्या त्या वॅटचा, आकडा फक्त चिपचा असतो. स्क्रीन, एसएसडी, वायफाय, पंखे, स्पीकर मिळून आणखी ७ ते १० वॅट जातात. ८ धरू. २५ अधिक ८ म्हणजे ३३ वॅट. ४० भागिले ३३ म्हणजे साधारण सव्वा तास. म्हणजे तुमची बॅटरी ठणठणीत आहे, जेवढी चालायला हवी तेवढीच चालते आहे. तेच १५ वॅटवर पावणेदोन तास आणि १० वॅटवर सव्वादोन तास येतात. कुठलेही ‘ऑप्टिमायझर’ सॉफ्टवेअर या गणिताच्या पलीकडे नेणार नाही, ती टाकूच नका.

१० वॅटवर गेम का रडतो, तर सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (चित्रे काढणारा भाग) एकाच मर्यादेतून वीज घेतात. आठ कोरची चिप इतक्या कमी विजेवर चालवली की सीपीयूच बराचसा वाटा खातो आणि जीपीयूला उरते ते पुरत नाही. उलट १५ वरून २५ वर गेलात तर वीज दोन-तृतीयांशाने वाढते, एफपीएस मात्र त्या मानाने फार कमी वाढतात. म्हणून मधला टप्पा धरा. मॅन्युअल मोडमध्ये १५ वॅट, आणि पुढील क्रमाने:

– स्क्रीन १२० हर्ट्झवरच ठेवा आणि गेम ४० एफपीएसला बांधा. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेशभर दिसते, त्यामुळे हालचाल एकसारखी वाटते. ६० हर्ट्झवर ४० बांधलेत तर एक फ्रेम एक रिफ्रेश, पुढची दोन, असे होऊन चित्र थरथरते. वेळेच्या हिशोबाने ३० एफपीएसला फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, ६० ला १६.७ ची, आणि ४० ला २५ ची, म्हणजे अगदी मधोमध. त्यामुळे ४० हे ३० पेक्षा खूपच मऊ जाणवते.

– मर्यादा एकाच ठिकाणी लावा: गेममध्ये, नाहीतर ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे लावली की दोन्ही एकमेकींच्या आड येतात आणि नवेच झटके सुरू होतात.

– रिझोल्यूशन ७२०पी करा आणि गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवण्याची सोय) नसेल तर ड्रायव्हरमधले आरएसआर, म्हणजे तशीच सोय, चालू करा. त्यासाठी गेम फुलस्क्रीन हवा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, ७२०पी म्हणजे ९.२ लाख. निम्म्याहून कमी काम, आणि सात इंचांवर फरक शोधावा लागतो.

– एवढे करूनही जीपीयू अपुराच पडत असेल तर सीपीयू बूस्ट (सीपीयूने स्वतःहून वेग वाढवणे) बंद करून पाहा. ज्या गेममध्ये चित्रांचा भार जास्त आहे तिथे वाचलेली वीज जीपीयूकडे जाते. गर्दीची शहरे आणि स्ट्रॅटेजी गेम यांत मात्र बूस्ट चालूच ठेवा, तिथे सीपीयूच कमी पडतो.

निळी शाई

स्लीपबद्दल. हा दोष तुमच्या यंत्राचा नाही. या यंत्रांवर विंडोज ‘मॉडर्न स्टँडबाय’ वापरते. स्क्रीन बंद होते, पण यंत्र खऱ्या अर्थाने झोपत नाही. वायफायवर अपडेट आला, एखाद्या लाँचरने डोके वर काढले की चिप जागी होते. बॅगेत हवा खेळत नाही, मग उष्णता तिथेच कोंडते. कोणी जागे केले ते पाहायचे असेल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा देऊन पुढे स्लॅश लावून स्लीपस्टडी लिहा. अहवालाची फाइल तयार होते, त्यात प्रत्येक झोपेत किती चार्ज गेला आणि कशामुळे, ते दिसते.

पण खरा इलाज हायबरनेट. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. तिथे पॉवर बटण दाबल्यावर हायबरनेट व्हावे असे निवडा, बॅटरीवर आणि चार्जरवर दोन्हीकडे. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी लिहून पुढे स्लॅश लावून हायबरनेट ऑन अशी आज्ञा द्या. रॅममधले सगळे एसएसडीवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. त्या फाइलला रॅमच्या ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे साधारण साडेसहा जीबी जागा लागते. उठायला थोडा जास्त वेळ लागतो आणि ऑनलाइन गेमचे कनेक्शन तुटते, तेवढे सोसावे लागेल. गेम सेव्ह करून मगच बटण दाबा. काही गेम हायबरनेटमधून उठताना कोसळतात.

आणि कृपा करून, नुसते स्लीप केलेले यंत्र बॅगेत घालू नका. लिथियम बॅटरीला कोंडलेल्या उष्णतेइतके वाईट काही नाही. बराच वेळ चार्जरला लावून खेळत असाल तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा.

तळटीप

झटक्यांची दोन-तीन कारणे असतात आणि ती वेगळी करता येतात. ओव्हरलेमध्ये (गेमवर दिसणारी माहितीची पट्टी) एफपीएसऐवजी फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावा. सरासरी ६० असली तरी एखादी फ्रेम १०० मिलिसेकंदांची निघाली की हाताला झटका जाणवतो, एफपीएसच्या आकड्यात तो लपतो.

आता एकाच रस्त्याने दोनदा जा, मध्ये गेम बंद न करता. पहिल्या फेरीत आलेखात टोके आली आणि दुसऱ्या फेरीत त्याच जागी आली नाहीत, तर ते शेडर (जीपीयूने चित्र कसे रंगवायचे ते सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचे झटके. ड्रायव्हर बदलला की तयार शेडरचा साठा पुन्हा शून्यापासून बनतो, म्हणून नव्या ड्रायव्हरनंतर लगेच ‘गेम बिघडला’ असे समजू नका. गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल तर ते चार्जरवर, टर्बोमध्ये, पूर्ण होऊ द्या.

दुसऱ्या फेरीतही टोके तिथेच आली, किंवा खेळत गेल्यावर वाढत गेली, तर संशय मेमरीवर. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू इथे डेडिकेटेड (रॅममधून जीपीयूसाठी राखलेली) आणि शेअर्ड (गरज पडल्यावर उरलेल्या रॅममधून घेतलेली) मेमरीचे आकडे पाहा. सोबत रॅम किती टक्के भरली आहे तेही सांगा. आणि गेम एसएसडीवर आहे की मायक्रोएसडी कार्डवर?

धूमकेतू

सगळ्यांचे आभार. १५ वॅट, ७२०पी आणि ४० एफपीएसवर चालणे फारच सुधारले, हायबरनेटही लावले.

गेम एसएसडीवर आहे. दुसऱ्या फेरीत बरेच झटके गेले, पण गावाच्या वेशीवरचा तसाच राहिला. डेडिकेटेड ४ पैकी ३.९ जीबी, शेअर्ड २.३ जीबी. रॅम ७८ टक्के.

तळटीप

म्हणजे जीपीयूचा वाटा भरून ओसंडतो आहे. निर्मात्याच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये जीपीयू मेमरी ४ वरून ६ जीबी करा आणि रीस्टार्ट करा. मग विंडोजला १० जीबी उरतील. रॅम ९० टक्क्यांच्या वर जायला लागली तर मात्र परत ४ वर या, कारण मग विंडोज एसएसडीवर अदलाबदल सुरू करते आणि ते झटके आणखी वाईट. ८ जीबी देण्याचा मोह टाळा. त्यापेक्षा गेममधले टेक्श्चर ‘हाय’वरून ‘मीडियम’ करा. एवढ्या स्क्रीनवर त्याने फारसे काही हरवत नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यात फायद्याचा सौदा आहे.

बायोसला हात लावायच्या आधी एक काम मात्र कराच. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर किंवा दुसऱ्या यंत्रावर लिहून ठेवा. बायोस अपडेट किंवा सिक्युअर बूट बदलल्यावर ती विचारली जाऊ शकते, आणि नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा गेलाच. बायोस अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. रॅमची जुळवणी चाललेली असते. घाबरून पॉवर बटण धरू नका.

खटपट्या

पॉवर बँक. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची, ई-मार्कर चिप असलेली केबल लागते. ती नसेल तर बँक स्वतःहून खालच्या आकड्यावर येते आणि तुम्हाला ती सूचना दिसते. केबलवर १०० किंवा २४० वॅट लिहिलेले पाहून घ्या. दुसरे, बँकेच्या दुसऱ्या पोर्टला फोन लावला असेल तर ६५ वॅट दोघांत वाटले जातात. मधे डॉक असेल तर तोही स्वतःसाठी काही वॅट राखतो.

सूचना आली म्हणून नुकसान काही नाही. १५ वॅट टीडीपीला एकूण खर्च २३ च्या आसपास, ४५ वॅटचा चार्जरही खेळता खेळता बॅटरी भरतो. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर. रूपांतरातली घट वजा जाता साठेक हाती येतात, म्हणजे तुमची बॅटरी साधारण दीड वेळा.

निळी शाई

स्टीमओएसबद्दल थोडक्यात. मे २०२५ पासून स्टीम डेकशिवाय इतर काही एएमडी हँडहेल्डवरही तो चालतो. गेम मध्येच थांबवून झोपवणे-उठवणे तिथे बरेच भरवशाचे आहे. पण व्हॅलोरंट, फोर्टनाइट, डेस्टिनी २ चालत नाहीत, एपेक्स लेजंड्सनेही २०२४ मध्ये लिनक्सचा दरवाजा बंद केला. अँटी-चीटचा (खेळातली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रश्न आहे, सेटिंग बदलून सुटत नाही. शिवाय रिकव्हरी इमेजवरून टाकताना अख्खी ड्राइव्ह पुसली जाते. जीपीयू मेमरीची अडचण तिथेही तीच राहील, रॅम १६ जीबीच आहे ना.

धूमकेतू

केबल साधीच निघाली, बदलतो. ६ जीबीने वेशीवरचा झटका गेला, रॅम ८६ टक्के. स्टीमओएस तूर्त नको. शेवटचा प्रश्न, ५१२ जीबी अपुरी पडते. कार्ड घ्यावे की एसएसडी बदलावी?

तळटीप

लहान, जुने, टू-डी गेम कार्डावर खुशाल ठेवा. यूएचएस-१ कार्डाची कमाल १०४ एमबी प्रतिसेकंद, एसएसडी हजारांत वाचते. मोठे ओपन-वर्ल्ड गेम कार्डावर टाकलेत तर झटके परत येतील. कार्ड घेतल्यावर आधी एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. खोटी क्षमता दाखवणारी कार्डे बाजारात आहेत, आणि ती नेमकी अर्ध्यात गेम बिघडवतात.

एसएसडी घ्यायची तर आधी लांबी पाहा. यातल्या बऱ्याच यंत्रांत एम.२ २२३० (३० मिमी लांब) बसते, काहींत २२८० (८० मिमी). शक्यतो एकाच बाजूला चिप असलेली घ्या, दोन्ही बाजूंना चिप असलेली जाड असल्याने आत टेकते. नवी विंडोज टाकायची यूएसबी आधीच करून ठेवा. यंत्र पूर्ण बंद करा, हायबरनेट नव्हे. मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. काही यंत्रांत ते पाठीच्या आणि आतल्या भागाच्या मध्ये अडकते आणि झाकण उघडताना दुभंगते. स्क्रूंच्या लांबी वेगळ्या असू शकतात, म्हणून काढाल त्याच मांडणीत कागदावर ठेवा. झाकण प्लॅस्टिकच्या पातीने उचला, धातूने नाही. आत गेल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणे, एसएसडीचा स्क्रू त्यानंतर. जुनीवरची धातूची चकती किंवा थर्मल पॅड असेल तर नवीवर चढवा, ती उष्णतेसाठीच असते.