न्यूजचं विडंबन: ब्रिटिश भारी की अमेरिकन?

सांजवारा:
अमेरिकन टीव्हीवर कॉमेडी न्यूज शो करणाऱ्या जॉन ऑलिव्हरचे एपिसोड मी नेमाने बघतो. मित्र म्हणतो खरं न्यूज विडंबन ब्रिटिशांनीच केलं, ऑलिव्हर म्हणजे मधेमधे जोक पेरलेलं लेक्चर. मला पटत नाहीये. दोन्हीकडचं बघितलेलं कोणी आहे का इथे?

गच्चीवरचा:
मित्र बहुतेक क्रिस मॉरिसच्या 'ब्रास आय' या न्यूज विडंबनाच्या शोबद्दल बोलतोय, ब्रिटनचं चॅनल फोर, १९९७. त्यातला ड्रग्जचा एपिसोड आधी बघ. 'केक' नावाचं ड्रग, जे जगात नाहीच, त्याच्याविरुद्ध सेलिब्रिटींना खोट्या संस्थेच्या नावाने कॅमेऱ्यासमोर बसवलंय, हातात केवढी तरी मोठी पिवळी गोळी, आणि समोर ठेवलेलं काहीही ते गंभीर चेहऱ्याने वाचतायत, वाचायच्या आधी जरा चौकशी करावी असं डोक्यातच येत नाही. डेव्हिड अमेस या खासदाराने तर पार्लमेंटमध्ये त्यावर प्रश्न टाकला! मॉरिस स्वतः एकदाही हसत नाही. ग्राफिक्स, म्युझिक, अँकरचा तो दरडावणारा सूर, सगळं हुबेहूब, म्हणून तर बातम्या आपल्याला कशा घाबरवतात ते उघडं पडतं. माझ्या मते याच्या जवळपास कोणी नाही.

मंदार_पी:
मॉरिस ग्रेट आहेच, पण लेक्चर म्हणणं अन्याय आहे हो. जॉन स्टुअर्टच्या 'डेली शो' या अमेरिकन कॉमेडी न्यूज शोची खरी ताकद जुन्या क्लिप्समध्ये. नेता आज काय बोलला आणि तोच पूर्वी काय बोलला होता ते शेजारी शेजारी लावायचं, बास, वेगळा जोक लागतच नाही, आणि ऑलिव्हर त्याच टीममधून आलाय. डिसेंबर २०१० चा एक एपिसोड शोधच. ९/११ ला मदतीला धावलेले आणि नंतर आजारी पडलेले चार जण समोर बसवलेत, त्यांच्या उपचारांसाठीचं विधेयक, म्हणजे बिल, अमेरिकन सिनेटमध्ये अडकलेलं, न्यूज चॅनल्सना त्याचं काही पडलेलं नाही यावर स्टुअर्ट खरंच चिडलेला. आठवड्याच्या आत बिल पास झालं. एकट्या त्याच्यामुळे झालं असं नाही म्हणत मी, पण जे काम न्यूजवाल्यांनी करायचं ते कॉमेडी शोने केलं ना.

कोकणकडा:
दोघांचंही पटलं. आपल्याकडे एनडीटीव्हीवर 'गुस्ताखी माफ' होतं, बाहुल्यांचं, मस्त असायचं पण रोख नेत्यांवर. नेत्यांचे आवाज काढणारे आजही ढिगाने मिळतील. रात्री नऊच्या डिबेटमध्ये आठ चौकटी, खाली लाल पट्टी आणि अँकर कोणालाच वाक्य पुरं करू देत नाही, या पद्धतीलाच मराठीत कोणीतरी मॉरिससारखं धरायला पाहिजे यार, मनापासून वाटतं. सांजवारा, तू ड्रग्जवाला बघ आधी, मग स्टुअर्टचा.