‘ज्याला मिसळायचंय तो मिसळतोच’ म्हणणाऱ्यांसाठी

कॅम्प_चार
परवा इथे एकाने परळच्या तिबेटी स्वेटरवाल्यांचा फोटो टाकून लिहिलं, "सिंधी ४७ला हात हलवत आले आणि दहा वर्षांत उभे राहिले. हे ५९ला आले ते अजून छावणीतच. ज्याला मिसळायचंय तो मिसळतोच." खाली नुसते अंगठे. मी उल्हासनगरला, सिंधी निर्वासितांच्या चार नंबर कॅम्पात वाढले. मला हे वाक्य टोचलं, म्हणून लांबलचक लिहितेय.

सिंधी कष्टाळू, यात वादच नाही. आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, मिलिटरीच्या बराकीत मधे गोणपाटं टांगून चार कुटुंबं राहायची. पापड लाटून लाटून त्यांनी नवऱ्याच्या दुकानाचं भांडवल जमवलं. पण त्यांना ती छावणी मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी येऊन शहराची कोनशिला बसवली. राज्यघटनेतच त्यांच्या नागरिकत्वाची सोय होती. १९५४च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई आली. आजी त्याला ‘कलेम’ म्हणायच्या. मतदानाचा हक्क होता, म्हणून त्यांचे नगरसेवक झाले, आमदार झाले.

तिबेट्याकडे काय आहे? आरसी. म्हणजे परदेशी माणसाची नोंद. मुदत संपली की पुन्हा रांग. वसाहतीची जमीन भाडेपट्ट्याची, सरकारी नोकरी बंद. परळला मी जिच्याकडून स्वेटर घेते ती गोंदियातल्या गोठणगावच्या वसाहतीत १९८९ला जन्मली. "कोणता रंग पाहून राहिल्या ताई?" असं विचारते. आरसी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पोलक्याच्या खिशात. घड्यांवर कागद फाटायला आलाय, पण पोलिसांनी विचारलं तर तोच दाखवायचा. ही बाई मिसळली नाही म्हणता?

दादरकर७२
भावनिक लिहिलंय, पण सोयीचं तेवढंच. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेला प्रत्येक तिबेटी कायद्याने भारतीय आहे. कितींनी ते घेतलं? त्यांची स्वतःची संसद धरमशालेत आहे, शाळा वेगळ्या आहेत. त्यांनाच परत जायचंय. आपण १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी जमीन दिली, शाळा दिल्या. आणखी काय करायचं?

कॅम्प_चार
कायदा आहे, पण पासपोर्टसाठी २०१६ला दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मग २०१७ला सरकार तयार झालं ते अटी घालून: आरसी परत करा, वसाहत सोडा, सवलती सोडा. म्हणजे भारतीय व्हायचं तर म्हातारे आईबाप जिथे राहतात ते घर सोडायचं. याला ‘घेत नाहीत’ म्हणायचं? आणि माझी स्वेटरवाली ८७च्या रेषेला दोन वर्षांनी हुकली. आईबाप दोघंही तिबेटात जन्मलेले. तिने काय करायचं ते सांगा.

कोयनेचा_नातू
तिबेट्यांसाठी इतकं पोटतिडकीनं लिहिता, आमच्यासाठी कोणी लिहिलं का? आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. हाच देश, हेच राज्य, हीच भाषा, तरी निर्वासित. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, माळरान दिलं. गावातले लोक आजही आम्हाला ‘धरणवाले’ म्हणतात. चुलत्याच्या पोरीच्या लग्नासाठी अर्धा एकर विकायला काढला, तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकायची नाही. परवानगीला तीन वर्षं हेलपाटे. लग्न कर्ज काढून झालं.

दादरकर७२
विषय तिबेट्यांचा आहे. कोयना इथे कुठून आली?

कोयनेचा_नातू
आमच्या धरणाच्या विजेवर मुंबईतले दिवे लागतात, तिथून आली! तुमच्या दादरचा पंखाही त्यावरच फिरला असेल. धरण होऊन साठ वर्षं झाली, लोक अजून जमिनीसाठी धरणं धरून बसतात. आणि आम्हाला विषयांतर म्हणता? शरम वाटू द्या.

शीव_शाळा
दोघेही आवाज खाली करा. मी शीव कोळीवाड्यात २८ वर्षं शिकवलं. तिथल्या पंजाबी निर्वासितांची नातवंडं माझ्या वर्गात होती. नागरिकत्व होतं, सगळं होतं, पण मराठी शेवटपर्यंत तोडकीमोडकीच. म्हणून कागदाने माणूस मिसळतो हे मला पटत नाही. भाषा लागते.

कॅम्प_चार
बाई, भाषा लागतेच. पण गोठणगावच्या बाईला भाषा येते आणि कागद नाही. कोयनेच्या दादांना भाषाही आहे, जातपातही गावचीच आहे, नुसता वर्ग दोन आडवा आलाय. दादा, तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. तुमचा सातबारा आणि तिची आरसी, दोन्हींत शेवटचा शब्द दुसऱ्याचाच.

कोयनेचा_नातू
तुलना गोड लागत नाही. पण चुकीची आहे असंही म्हणवत नाही. ती पुढच्या थंडीत परळला आली की तिला सांगा, पिशवी बदल. कागद फाटला तर नवा काढायला काय लागतं ते आम्हाला विचारावं.

दादरकर७२
८७ नंतर जन्मलेल्यांचं मी धरलं नव्हतं, तेवढं मागे घेतो. संसद आणि परत जाण्याचा मुद्दा मात्र सोडलेला नाही. त्यावर उत्तर आलेलं नाही.